दोन बोटांची जागा

कागदावर सगळं बसत होतं.
एकशे पासष्ट जाऊन एकशे पंच्याण्णव,
तीस मिलीमीटर जास्त, अर्धे आत, अर्धे बाहेर,
त्यात नव्या रिमचा ऑफसेट सातानं कमी,
म्हणजे आत आठ, बाहेर बावीस.
बत्तीस वर्षं नववीला भूमिती शिकवलेला माणूस
एवढ्यात चुकत नाही.
कुमुद म्हणाली, जुन्या गाडीला हे रुंद बूट कशाला?
मी म्हटलं, पकड येते.
ती म्हणाली, कुणाला पकडायचंय?

देवास नाक्याला, ट्रकच्या बॉड्या ठोकणाऱ्यांच्या रांगेत
रमजानी उस्तादाचं दुकान.
त्यानं माझा कागद पाहिला, नीट चार घड्या घातल्या
आणि डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सरकवला.
स्टूल कुमुदला दिलं.
मग उताणा झोपून
चाक आणि शॉकअपच्या मधे
दोन बोटं घातली. त्याची बोटं, माझी नव्हेत.
"अंदर तो ठीक है."

स्टिअरिंग पूर्ण डावीकडे : खरखर.
पुढचं प्लास्टिकचं अस्तर त्यानं हीटगननं मऊ केलं,
करंजीची कड दाबावी तसं अंगठ्यानं दाबत नेलं.
मागची कड पत्र्याची.
तिथं सायकलची ट्यूब गुंडाळलेली एक बॅट
टायर आणि मडगार्डच्या फटीत तिरकी खुपसली,
परवेझ गाडी ढकलू लागला, इंच पुढे, इंच मागे,
आणि कड आत वळू लागली.
घाई नाही.
रंग ऊन असतो तोवर ऐकतो, गार झाला की तडकतो.

झालं ना? मी विचारलं.
उस्ताद हात पुसत होता.
"खाली गाड़ी तो सब शरीफ़ होती है, मास्साब.
सवारी बिठाओ."

सवारी आणू कुठून?
आमच्या मागच्या सीटवर कित्येक वर्षं
एक छत्री, दळणाचा डबा,
आणि शेवच्या रिकाम्या पिशव्यांची एक पिशवी.
ते सगळं उतरवलं.
शेजारचा भेरूलाल वेल्डर आला, काळा चष्मा कपाळावर तसाच.
परवेझ आला. एका ट्रकचा क्लीनर आला,
त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.
तरी उस्ताद म्हणे, और वजन.
तेव्हा कुमुद उठली,
पदर खोचून डाव्या दाराशी बसली.
(स्टूल लगेच डुगडुगलं नाही. कागद कामाला आला होता.)

खिशात खडू होता. निवृत्त झालो तरी असतो.
उस्तादानं तो मागून घेतला, कडेला आतून फासला :
जिथं घासेल तिथं टायर पांढरं होईल.
निरंजनपूरच्या ब्रेकरवर गाडी खाली बसली
आणि उठता उठता बोललीच. घर्र.

टायरच्या खांद्यावर नखाएवढी रेघ.
नेमकी डाव्या बाजूला.
मी काहीही म्हटलं नाही.
कुमुद म्हणाली, म्हण, म्हण.

पुन्हा बॅट, पुन्हा आच, पुन्हा ब्रेकर.
तिसऱ्या खेपेला नुसता भेरूलालच्या हसण्याचा आवाज.
क्लीनरनं वाटेतच उतरवायला सांगितलं,
त्याचा ट्रक हॉर्न देत होता.

पैसे दिले. डबा, छत्री डिकीत टाकली.
पुढचं दार उघडून धरलं
तर ती मागेच बसलेली.
"असू दे. इथून ऐकते, येतो का आवाज."
एलआयजीपर्यंत मी तिला समजावत आलो,
कड किती वळली, आता किती मिलीमीटर उरले,
आणि कागदात वजनाचा रकाना कसा नव्हता.
आरशात तिचा कान दिसत होता, काचेला टेकलेला.
पलासियाच्या सिग्नलला ती म्हणाली,
"तू गप्प बसलास तर कळेल."

पुढे रस्ता उखडलेला होता.
मी काच वर केली, पंखा बंद केला,
आणि सावकाश त्यावर चाक घातलं.